खो मिळाल्यावर किती फ्रेम? खो-खोच्या विज्ञानावर शाळेचा व्हिडिओ करताना

‘खेळामागचं विज्ञान’ या विषयावरचे शाळकरी व्हिडिओ बहुतेक एकाच साच्यातून निघतात. नेटवरून उचललेली सामन्याची क्लिप, तिच्यावर न्यूटनचे तिन्ही नियम, मागे ढोल-ताशा, शेवटी ‘धन्यवाद’. यात खेळ असतो, विज्ञानही असतं, पण दोघांची गाठ कुठेच पडत नाही. पुस्तकातला नियम वाचून दाखवायला मैदानावर जायची गरज नाही. मैदानावर जायचं ते काहीतरी मोजायला. मग व्हिडिओ त्या मोजणीभोवती आपोआप उभा राहतो.

मोजायचं काय, इथेच बहुतेक गट अडकतात. ‘खो-खोमधलं भौतिकशास्त्र’ हा प्रश्न नव्हे, ते प्रकरणाचं नाव झालं. प्रश्न असा हवा: खो मिळाल्यावर ‘बुलेट टो’ बैठकीतला खेळाडू लवकर सुटतो की ‘पॅरलल टो’ बैठकीतला? बुलेट टोमध्ये एक पाऊल पुढे आणि दुसरं मागे असतं. पॅरलल टोमध्ये दोन्ही पावलं शेजारी-शेजारी. बाकी सगळं तेच ठेवायचं, फक्त बैठक बदलायची. उत्तर सेकंदाच्या शंभराव्या भागांत येणार आहे आणि ते टिपायला साधा फोन पुरतो.

खो-खोचा हा क्षण मोजायला सोपा आहे, याला कारण खेळाचे नियमच. पाटीवर बसलेले आठ जण एकाआड एक उलट तोंडाने बसतात आणि खो पाठीमागूनच द्यावा लागतो. बसलेल्याला खो देणारा दिसत नाही. पाठीला हात लागतो, कानावर ‘खो’ पडतो, त्यावरच उठायचं. शिवाय मैदान आखीव असतं: २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद, मधली पाटी ३० सेंटिमीटर रुंदीची. म्हणजे जमिनीवर मोजपट्टी आधीच आखलेली आहे.

खांबावरचा सूर दिसायला जास्त देखणा असतो, हे खरं. तोच विषय घ्यायचा मोह होतो. पण तिथे खेळाडूच्या वाटेची त्रिज्या क्षणोक्षणी बदलते, ती मोजायला कॅमेरा डोक्यावर टांगावा लागतो आणि एकाच मुलाला वीस वेळा सूर मारायला लावलं तर कोपर-गुडघे सोलून निघतात. खांबाचं गणित अर्ध्या मिनिटात तोंडी सांगण्याजोगं आहे. ५० किलोचा खेळाडू सेकंदाला ४ मीटर वेगाने १ मीटर त्रिज्येत वळला तर ८०० न्यूटन अभिकेंद्री बल लागतं. मातीवरच्या पायाला घर्षणातून त्याच्या निम्मंही मिळणं अवघड. उरलेलं खांब धरलेल्या हातातून येतं. हे व्हिडिओत जरूर घाला, पण मोजणी बैठकीचीच ठेवा.

आता फोन. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. दोन बैठकींतला फरक कदाचित याहून कमीच असेल. स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम मिळाल्या तर एक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची होते. मात्र खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. काही फोन खऱ्या फ्रेम कमी टिपतात आणि मधल्या स्वतः रचून भरतात. तपासायला चेंडू पुरतो. भिंतीवर १ मीटरची खूण करा, चेंडूचा खालचा भाग त्या खुणेशी धरून सोडा आणि चित्रण करा. १ मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे २४०च्या चित्रणात हात सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत साधारण १०८ फ्रेम भरायला हव्यात. ५४ भरल्या तर तुमचा फोन १२०वर चालला आहे. आकडा बरोबर आला, पण प्रत्येक दुसऱ्या फ्रेममध्ये चेंडूची कड भुतासारखी दुहेरी दिसत असेल, तर ती फ्रेम रचलेली समजा. १२० खऱ्या फ्रेम २४० बनावट फ्रेमपेक्षा केव्हाही बऱ्या. ही चेंडूची तपासणी व्हिडिओतही ठेवा. परीक्षक ‘हे कशावरून?’ विचारायच्या आत उत्तर पडद्यावर असतं.

उजेड भरपूर लागतो. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला उजेड गोळा करायला जास्तीत जास्त १/२४० सेकंद. तेवढा वेळही घेतला तर सेकंदाला ५ मीटरने हलणारं पाऊल दोन सेंटिमीटर पुसट होतं. फोनच्या कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत असेल तर १/१००० ठेवा, पुसटपणा अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. सभागृहात दिव्याखाली चित्रण टाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण २४०च्या चित्रणात सगळा व्हिडिओ लुकलुकतो आणि पाऊल कधी उचललं ते ठरवणं मुश्कील होतं. सकाळी आठ-नऊला मैदानावर जा, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवा. दुपारी बाराला सावली थेट पावलाखाली गोळा होते आणि टाच जमिनीला टेकलेली आहे की नाही हेच दिसत नाही.

कॅमेरा बाजूच्या रेषेबाहेर, मधल्या पाटीपासून १० ते १२ मीटरवर, कमरेच्या उंचीला. फोन आडवा आणि मधल्या पाटीशी काटकोनात. तिपाई नसेल तर खुर्चीवर दोन विटा आणि त्यांच्या फटीत फोन. हातात धरून काम होणार नाही. जवळ जाऊन वाइड लेन्सने टिपू नका, कडेच्या सरळ रेषा फुगतात आणि अंतरं खोटी येतात. लांबून थोडं झूम करा. चौकटीत आडवे ६ मीटर मावले की खो देणारा, बसलेला आणि पुढे निघून जाणारा संरक्षक (ज्याला बाद करायचं तो) तिघेही दिसतात. १९२० पिक्सेलमध्ये ६ मीटर म्हणजे एका पिक्सेलला ३ मिलिमीटर, आपल्याला एवढं पुरे. पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड दोन्ही पक्के करा, नाहीतर पांढऱ्या गंजीचा मुलगा चौकटीत शिरला की अख्खं चित्र काळवंडतं.

फक्कीने दोन जादा खुणा आखा, एकमेकींपासून बरोबर २ मीटरवर. कुठे आखता याला महत्त्व आहे. संरक्षक मधल्या पाटीवरून धावत नाही, तिच्या अलीकडून किंवा पलीकडून धावतो. खुणा पाटीवर आखल्या आणि तो कॅमेऱ्याच्या बाजूने १ मीटर जवळून गेला, तर १० मीटरवरच्या कॅमेऱ्याला त्याचा वेग दहा टक्क्यांच्या आसपास जास्त दिसतो. म्हणून ज्या रेषेत तो धावणार त्याच रेषेत खुणा, आणि त्यानेही त्या सोडायच्या नाहीत.

आता खुद्द प्रयोग. सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ‘आता तुला खो मिळणार आहे’ हे बसलेल्याला माहीत असेल तर तो पावलांच्या आवाजावरून अंदाज बांधून आधीच उठतो. मग तुम्ही त्याची प्रतिक्रिया मोजत नाही, अंदाज मोजता. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू चुकीच्या सुरुवातीसाठी दोषी धरतात, ते याचसाठी: कानापासून पायापर्यंत निरोप पोचून पाय हलायला तेवढा वेळ लागतोच. उपाय सोपा आहे. खो देणाऱ्याला दर वेळी चिठ्ठी द्या. तीनपैकी दोन चिठ्ठ्यांवर ‘खो’, एकीवर ‘पुढे जा’. ‘पुढे जा’ निघाली तर तो त्याच वेगाने येतो आणि न शिवता निघून जातो. त्या वेळी बसलेला उठलाच तर तो अंदाजाने खेळतोय हे उघड झालं. आणि असे दोन-तीन उठलेले प्रसंग व्हिडिओत ठेवायला फार छान असतात, वर्ग हमखास हसतो.

चार खेळाडू, दोन बैठका, प्रत्येकी आठ खो, असे ६४ झाले. ‘पुढे जा’च्या चिठ्ठ्या धरून ९६ फेऱ्या. फेरीला अर्धा मिनिट धरलं तर पाऊण तासाचं काम, पाणी-बिणी धरून दीड तास. एका खेळाडूच्या सगळ्या फेऱ्या सलग घेऊ नका, दोघं आलटून पालटून बसवा. आधी आठही बुलेट आणि मग आठही पॅरलल असं केलं तर दुसरी बैठक दमलेल्या पायांनी होते आणि तिच्यावर उगाच बालंट येतं. क्रम ४ बुलेट, ८ पॅरलल, ४ बुलेट असा ठेवा, दमणूक दोन्हींकडे सारखी वाटली जाते. दर क्लिपच्या सुरुवातीला खरोखरची पाटी कॅमेऱ्यासमोर धरा: खेळाडू, बैठक, फेरीचा आकडा. ९६ क्लिपांतली कुठली कोणाची हे दुसऱ्या दिवशी कोणालाही आठवत नाही. एक क्लिप पाच-सहा सेकंदांची, त्याहून लांब नको. २४०चं चित्रण मिनिटाला काहीशे एमबी खातं, तेव्हा फोनमध्ये सात-आठ जीबी जागा आधीच मोकळी करा.

घरी आल्यावर पहिली चूक होते ती व्हॉट्सअ‍ॅपवर. क्लिप व्हिडिओ म्हणून पाठवली की ती आक्रसते, फ्रेम गळतात आणि सकाळची सगळी मेहनत ३० फ्रेमवर येते. केबलने घ्या, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. काही फोन स्लो मोशनची क्लिप बाहेर देताना सुरुवात-शेवट नेहमीच्या वेगात आणि मधला भाग संथ असं मिश्रण करून देतात. ती मोजणीला निरुपयोगी. मूळ फाइलच हवी. मोजायला किनोव्हिया किंवा ट्रॅकर ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. ट्रॅकरमध्ये आलेख थेट मिळतो, किनोव्हियात कोन मोजणं सोपं. काहीच बसवता येत नसेल तर व्हीएलसीमध्ये ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जाता येतं. जुन्या लॅपटॉपवर फ्रेम पुढे सरकताना मध्येच उडी मारत असेल तर चेंडूची क्लिप आधी त्यावर मोजून बघा, १०८ यायलाच हव्यात.

घड्याळ सुरू कधी करायचं? ‘खो’च्या आवाजावर असं पहिल्यांदा सुचतं. करू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १० मीटरवरच्या फोनपर्यंत पोचायला त्याला ०.०२९ सेकंद लागतात, म्हणजे २४०च्या हिशेबाने सात फ्रेम. शिवाय स्लो मोशनच्या फाइलमध्ये आवाज असेलच असं नाही. त्यापेक्षा हात पाठीला टेकला ती फ्रेम शून्य धरा. खो देताना हात आणि शब्द एकदमच यावे लागतात. खो देणारा आधी ओरडून मग हात लावत असेल तर तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर बसलेल्याला फुकटचा इशारा मिळतो.

घड्याळ थांबवायचं कधी, यावर गटात भांडण होणार. खांदा हलला तेव्हा? बूड उचललं तेव्हा? आमच्या मते दोन क्षण वेगवेगळे टिपावेत. पहिला, शरीराचा कुठलाही भाग निघण्याच्या दिशेने हलायला लागला ती फ्रेम. ही झाली प्रतिक्रिया. दुसरा, जोर देणारा पंजा जमिनीवरून सुटला ती फ्रेम. हा झाला सुटण्याचा क्षण. मेंदू-मज्जातंतूंचा वेळ पहिल्यात, पायाच्या स्नायूंचा त्यापुढच्यात. बैठक बदलल्याने पहिल्यात फारसा फरक पडू नये आणि दुसऱ्यात पडावा, असा अंदाज मोजणीआधीच कॅमेऱ्यासमोर बोलून ठेवा. तो चुकला तर व्हिडिओ जास्त रंगतो. दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता मोजायचं. पंजा सुटण्याच्या फ्रेममध्ये दोघांत दोन-तीनचा फरक पडणं नेहमीचंच, त्याचा अर्थ तुमची मोजणी १० मिलिसेकंदांपर्यंतच खात्रीची आहे. दोन बैठकींच्या सरासरीत ५ मिलिसेकंदांचा फरक आला तर ‘फरक आढळला नाही’ असंच म्हणायचं. आणि नुसती सरासरी दाखवू नका. प्रत्येक खो म्हणजे एक ठिपका, असे ६४ ठिपके दोन रंगांत मांडा. एखादाच खेळाडू सरासरी ओढतोय का, ते तिथे लगेच दिसतं.

आता ते दृश्य, ज्यासाठी एक फोन वेगळा राखून ठेवावा. बसलेल्या खेळाडूच्या मागच्या पावलापासून तीन-चार मीटरवर, बाजूला, जवळजवळ जमिनीला टेकवून, २४० फ्रेमवर. खो मिळतो, टाच वर असलेला पंजा आधी किंचित खाली रुततो, बोटं पसरतात, आणि मग पंजामागून मातीचा छोटा फवारा मागच्या दिशेने उडतो. खेळाडू अजून पुढे गेलेलाही नसतो. माती मागे, माणूस पुढे: न्यूटनचा तिसरा नियम शब्दाशिवाय सांगायचा तर तो असा. मॅटवर हे दिसणार नाही, त्यासाठी मातीचंच मैदान हवं, आणि ती भुसभुशीत नको, पाणी मारून सुकलेली हवी.

याच दृश्यावर नववीच्या ‘गतीचे नियम’ प्रकरणाचं गणित चढवता येतं. समजा ५० किलोचा खेळाडू ०.४ सेकंदात शून्यापासून सेकंदाला २.५ मीटर वेगावर गेला. त्वरण ६.२५, म्हणून आडवं बल ३१२ न्यूटन. त्याचं वजन ४९० न्यूटन. भागाकार ०.६४. एवढा घर्षणाचा गुणांक पायाखाली नसेल तर तो घसरणार, आणि सुक्या धुळीवर घसरतोच. याच भागाकारातून आणखी एक गोष्ट निघते: जोर देताना पंजापासून कंबरेपर्यंतची रेषा उभ्यापासून साधारण ३२-३३ अंश पुढे झुकलेली असायला हवी. किनोव्हियात तो कोन मोजा. दोन-चार अंश इकडे-तिकडे असेल, कारण उठताना शरीर वरही ढकललं जातं आणि कंबर म्हणजे नेमका वस्तुमानाचा मध्य नव्हे. पण कागदावरचा कोन आणि फ्रेममधला कोन शेजारी-शेजारी दिसले की गणित आणि मैदान एकाच गोष्टीबद्दल बोलतायत हे पटतं. आकडे अर्थातच तुमच्या खेळाडूचे घाला, आमचे नव्हे.

आणि या सगळ्याचा खेळाला उपयोग काय, तेही आकड्यातच सांगा. सुटायला ०.५५ सेकंद लागले आणि संरक्षक सेकंदाला ५ मीटरने पळत असेल, तर तेवढ्यात तो पावणेतीन मीटर पुढे गेला. तुमच्या मैदानावर दोन आडव्या पाट्यांमधलं, म्हणजे शेजारी बसलेल्या दोघांमधलं, अंतर टेपने मोजा आणि त्याशी ताडून बघा. संरक्षकाला साखळी, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळत राहणं, का जमते ते तिथे कळतं. पडद्यावर हात टेकल्याची फ्रेम गोठवा, मग पंजा सुटल्याची फ्रेम गोठवा, आणि संरक्षकाच्या दोन जागांमध्ये रेघ ओढा. पूर्ण व्हिडिओत एकच चित्र लक्षात राहायचं असेल तर ते हे असू द्या.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले; कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. त्या सामन्यांच्या क्लिपा वापरायचा मोह होणार. हक्कांचा प्रश्न आहेच, पण त्या मोजणीलाही बाद आहेत: कॅमेरा खेळाडूमागे फिरत असतो, झूम बदलत असतो, फ्रेम कमी असतात. नावं घ्या, क्लिप तुमच्याच मैदानाची ठेवा. चित्रणात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या पालकांची लेखी परवानगी शिक्षकांकडे आधीच जमा करा.

निवेदन सगळ्यात शेवटी, चित्र जुळवून झाल्यावर ध्वनिमुद्रित करा. मैदानावर बोललेलं वाऱ्यात वाहून जातं. घरी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला, किंवा सरळ गोधडी डोक्यावर घ्या. खोलीचा घुमारा जातो. पाच मिनिटांच्या व्हिडिओला साडेपाचशे शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको, संथ चित्रणाच्या वेळी तर गप्पच बसा. शब्द पुस्तकातले वापरा पण नीट: चाल आणि वेग एक नव्हेत, आणि ‘जोर’ म्हणायचं तिथे ‘ऊर्जा’ म्हटलं की जाणता परीक्षक तिथेच पेन काढतो.

फोनची क्लिप संपादनात घातल्यावर आवाज आणि चित्र हळूहळू सुटायला लागले तर दोष तुमचा नाही. फोन फ्रेमचा दर मध्ये-मध्ये बदलतो. मोजणी संपल्यावर ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमधून क्लिप स्थिर दराची करून घ्या, मग जोडा. अंतिम फाइल एमपी४, एच.२६४, १०८० ओळींची. पेनड्राइव्हवर दोन प्रती, आणि आदल्या दिवशी शाळेच्याच लॅपटॉपवर, शाळेच्याच प्रोजेक्टरवर लावून बघा. फिकट पिवळ्या अक्षरांतले आकडे तिथे हमखास अदृश्य होतात. काळ्या पट्टीवर पांढरे करा.